हात्यावरचं घर

आमच्या भिवंडीची माणसं मोठ्यानं बोलतात. लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासरच्यांनी एकमेकांना विचारलं होतं, की सूनबाई कशावरून रागावल्यात. रागावले नव्हते, चहा टाकू का एवढंच विचारत होते. ज्याच्या घराच्या भिंतीपलीकडे माग चालतात त्याचा आवाज लहानपणीच चढतो आणि पुढं कधी उतरत नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या आणि बाबांच्या कारखान्याच्या मधे एकच भिंत होती. कारखाना म्हणजे फार मोठं प्रकरण समजू नका. पत्र्याखाली दाटीवाटीनं उभे केलेले जुने माग, कोपऱ्यात सुताच्या कांड्यांनी भरलेल्या टोपल्या, आणि हवेत सदा तरंगणारे कापसाचे बारीक तंतू, जे आमच्या भुवयांवर आणि आमटीवर सारखेच बसत. माग सुरू झाले की जमीन थरथरायची. मांडणीवरचे डबे आपल्या पायांनी चालत कडेला यायचे आणि आई येताजाता त्यांना मागं सारायची. वालाचं बिरडं ढवळताना एका हातानं, भाकरी थापताना कोपरानं. ती हे करते आहे हे तिचं तिलाही कळत नसे. लाइट जाऊन माग थांबले, की आळीतली तान्ही पोरं दचकून रडायला लागत.

अशा थरथरत्या घरात सुमनआत्या राहायला आली, ही नशिबाची थट्टाच म्हणायची. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. आमचं मूळ गाव दिघाशी, तिथं थोडी भातशेती. बाबा तिथून भिवंडीला आले, दुसऱ्याच्या लूमवर शिफ्टा मारल्या, आणि त्या कमाईतून त्यांनी आधी बहिणीला शिकवलं, मग स्वतःचे माग घेतले. आमच्या भावकीत मास्तरीण झालेली ती पहिलीच. नोकरी मात्र लांब लागली, कोयनेच्या खोऱ्यात. तिथं ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि मुलींच्या एका लहानशा वसतिगृहावर देखरेख करायची. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मुलींच्या आंघोळीचं पाणी तापवायला म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठून अंगणातल्या चुलीशी गेली होती. वसतिगृह दगडमातीचं, वर कौलं. ती वळून बघेपर्यंत ते खाली बसलं होतं. मुली आत होत्या. एवढंच आम्हाला ठाऊक होतं आणि तेही बाबांकडून. आत्या त्यातलं अवाक्षर कधी बोलत नसे.

भूकंपानंतर काही वर्षं तिनं तिथंच पत्र्याच्या शाळेत शिकवलं, मग इकडे एका शाळेत जागा मिळाली तशी ट्रंक घेऊन आमच्याकडे आली. दिवसभर घरात वावरायची, आईला निवडण-टिपण करू लागायची, मला गणितं घालायची, आणि चुकलं की चोळीच्या बाहीला हात पुसत शांतपणे म्हणायची, पुन्हा कर. पण पाठ टेकायची ती अंगणातल्या खाटेवर. छपराखाली ती झोपत नसे. पावसाळ्यात बाबा तिच्या खाटेवर बांबू रोवून ताडपत्री ताणायचे, तरी सकाळी तिचं अर्धं अंथरूण भिजलेलं असे. मागांनी जमीन हलली की सुरुवातीला ती हातातलं टाकून बाहेर पळायची. पुढं तेवढं राहिलं नाही, पण ताटावर बसली तरी तिचं तोंड दाराकडे असायचं. शेजारणींना याची गंमत वाटायची. आई एरवी कुणाला उलट बोलणारी नव्हे, पण एकीला तिनं सुनावलं होतं, ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

बाबांनी नवं घर बांधायला घेतलं ते आत्यासाठी. कारखान्याला जागा पुरत नाही, पोरगी मोठी झाली, अशी कारणं ते लोकांना देत, पण घरात आम्हाला खरं माहीत होतं. सिमेंट-लोखंडाचं घर, खाली माग आणि वर राहायच्या खोल्या. तेव्हा भिवंडीत ज्याला परवडेल तो असंच बांधायचा. खाली मोकळं सपाट दालन, मधे भिंतीची अडचण नको, रस्त्याकडची बाजू सताड उघडी, म्हणजे सूत आत घ्यायला आणि कापड बाहेर काढायला सोपं. वर भिंतीबिंती घालून संसार. पाया भरून झाला, खांबांच्या सळ्या उभ्या राहिल्या, आणि एका संध्याकाळी बाबा आत्याला हाताला धरून तिथं घेऊन गेले. मीही मागोमाग गेले. हे दगडमातीचं न्हाय, लोखंडाचं हाय, असं ते तिला पुन्हा पुन्हा सांगत होते. पावसाच्या आधी स्लॅब पडेल आणि या पावसात तू वरच्या खोलीत झोपशील, असा त्यांचा हिशेब होता. आत्यानं एका सळीला हात लावला, ती हलवून पाहिली.

“दादा, तुझ्यावर माझा विश्वास आहे,” ती म्हणाली, “पण पाय उचलत नाही. हे हलवलं तर काय होतं ते मला दाखव.”

बाबा हसले. घर काय हलवून दाखवायची वस्तू आहे? आत्या म्हणाली, मग लहान करून दाखव. बाबांना वाटलं ती विषय टाळते आहे. मला ती टाळताना वाटली नाही. ती तितक्याच शांतपणे बोलली होती, जितक्या शांतपणे मला पुन्हा कर म्हणायची.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी मोकळी होते. निकाल यायचा होता, उन्हाळा डोक्यावर होता, आणि आमच्याकडे मोकळ्या मुलीला मोकळं ठेवत नाहीत. पापड, कुरडया, सुकटीची साफसफाई, सगळं माझ्या वाट्याला येणार होतं. आत्यानं मला त्यातून सोडवून घेतलं आणि आम्ही दोघी घर बांधायला बसलो. बाबांच्या नकाशावरून मी मापं काढली, सगळी सारख्या प्रमाणात लहान केली. माझ्या गुडघ्याएवढं घर होणार होतं. सळ्यांच्या जागी बारीक बांधणीची तार, खडीच्या जागी आईच्या पिठाच्या चाळणीतून चाळलेली रेती. चाळणी गेली म्हणून आईनं दोन दिवस अबोला धरला. साचे चहाच्या खोक्याच्या फळ्यांचे केले. वरच्या मजल्याच्या भिंतींसाठी मी करवतीच्या पात्यानं मऊ विटा कापून साबणाच्या चिपेएवढ्या विटा पाडल्या आणि एकेक बसवली. भूकंपानंतर कोयनेकडे जे इंजिनियर पाहणीला आले होते, त्यांच्या मागं आत्या पडक्या घरांतून फिरली होती, विचारून विचारून तिनं त्यांना भंडावून सोडलं होतं. ती मला सांगायची, की घर मधे मोडत नाही, जोडावर मोडतं. खांब आणि छत जिथं भेटतात तिथं बघ. घराला माणसासारखे सांधे असतात आणि ते असे आतून तारेनं बांधता येतात, हे मला त्या उन्हाळ्यात कळलं, आणि खरं सांगते, मला त्याचं वेड लागलं. रस्त्यानं जाताना मी घरांकडे बघायची ती त्यांच्या आत बघितल्यासारखी.

घर वाळून चालत नाही, ते ओलं ठेवावं लागतं. आमच्या न्हाणीत ओल्या गोणपाटाखाली ते बसलं, आणि सगळं कुटुंब त्याच्या कडेनं अंग चोरून आंघोळ करायला लागलं. बाबा म्हणत, एका घरानं मला रस्त्यावर आणलाय, दुसऱ्यानं न्हाणीतून हाकललाय.

आता प्रश्न होता हलवायचा. आत्यानं फळीवर घर ठेवून हातानं ढकलायचं ठरवलं होतं, पण हात दमतो, आणि एक ढकलणं दुसऱ्यासारखं होत नाही. यावरचा उपाय मला गफूरचाचांच्या कारखान्यात सापडला. गफूरचाचा आमचे शेजारी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतलं, आणि बाबांना मागाचं काम त्यांनीच शिकवलेलं. त्यांच्या बायकोनं सांदणं पाठवली होती, त्याचं भांडं परत द्यायला मी गेले होते. चाचा एका मागाशी वाकून काहीतरी आवळत होते आणि मी नुसती बघत उभी राहिले. जन्मापासून बघितलेली गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. मागाला पुढच्या बाजूला एक आडवा लाकडी ठोकळा असतो, त्याला हात्या म्हणतात. आडवा धागा नेणारा धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, की हा हात्या पुढं येऊन धागा ठोकून बसवतो आणि मागं जातो. पुढं, मागं, पुढं, मागं, दिवसभर, न दमता, एकासारखा एक. मी भांडं तिथंच ठेवलं आणि धावत घरी गेले.

चाचांकडे कोपऱ्यात एक म्हातारा माग नुसता पडून होता. त्याच्यावर सूत चढवणं त्यांनी सोडून दिलं होतं, पण त्याचा हात्या ठणठणीत होता. आत्यानं त्यांना सगळं समजावलं तेव्हा ते दाढी खाजवत राहिले. “बेटी, या मागावर मी धोतर विणलं, लुगडं विणलं, मांजरपाट विणला,” ते मला म्हणाले. “मकान कधी विणलं न्हाय. चलो, वो भी देखते हैं.” मग त्यांनीच उत्साहानं सगळं जुळवलं. मागासमोर लोखंडी पाइपांच्या तुकड्यांवर एक जाड फळी घसरती ठेवली आणि दोन पट्ट्या ठोकून ती हात्याला जोडली. पहिल्यांदा जोड वरच्या टोकाला दिला आणि चाचणीसाठी फळीवर विटांचा ढीग ठेवला, तर माग सुरू होताच विटा भिंतीवर जाऊन आदळल्या. मग चाचांनी जोड खाली आणला. हात्या दोन उभ्या लाकडी पायांवर बसवलेला असतो आणि त्या पायांचा बुंधा खाली एका दांड्यावर डोलतो. त्यामुळं वरचं टोक लांब झोका घेतं आणि बुंध्याशी जेमतेम हालचाल असते. जोड खाली बांधला तर धक्का लहान, वर बांधला तर मोठा. आत्या ते बघत होती आणि तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, इंजिनियर सांगत होते, परदेशात अशी टेबलं आहेत, त्यांच्यावर घरं हलवून बघतात. आपल्याकडे तर प्रत्येक आळीत आहेत.

पुढं इंजिनियर होऊन नोकरीत मी खरीखुरी तसली टेबलं पाहिली. मोठाल्या दालनांत, संगणकावर चालणारी, दोन मजली घर वर ठेवता येईल एवढी. त्यांच्यासमोर उभी राहिले की माझा श्वास अजून अडकतो. पण पहिल्यांदा अडकला तो गफूरचाचांच्या कारखान्यात, तेलकट अंधारात, आणि तसा पुन्हा अडकला नाही.

शुक्रवारी आळीतले सगळे माग बंद असत. त्या दिवशी एकटा तो म्हातारा माग सुरू झाला. बाबा, आई, आत्या, चाचा आणि मी, सगळे फळीभोवती उभे. जोड अगदी खाली होता. घर थरथरलं, वरच्या मजल्यातून थोडी माती गळली, आणि ते उभं राहिलं. चाचांनी माग थांबवला. बाबांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आत्या म्हणाली, रिकामं घर कुणीही उभं करील, वजन ठेवा. म्हणून मी सुतानं भरलेल्या कांड्या वरच्या मजल्यावर सगळीकडे सारख्या पसरल्या. माग सुरू झाला. घर उभंच होतं.

आता बाबा इतके खूश होते, की त्यांना सगळं हुबेहूब हवं झालं. मी कांड्या मधोमध पसरलेल्या त्यांना खटकल्या. कापड असं ठेवत नाहीत, ते म्हणाले. आणि खरंच आमच्याकडे ठेवत नाहीत. विणून झालेले तागे वरच्या मजल्यावर नेतात आणि रस्त्यापासून लांबच्या, मागच्या भिंतीला लावून पार छतापर्यंत रचतात. धूळ लागत नाही, चोराचा हात पोचत नाही, आणि मधली जागा माणसांना मोकळी राहते. सगळी भिवंडी असंच ठेवते. बाबांनी माझ्या सगळ्या कांड्या उचलल्या आणि मागच्या भिंतीशी ओळीनं, एकावर एक, सुरेख रचल्या. बोट लावून ओळ सरळ केली. मग मागं सरले आणि चाचांना मान हलवून खूण केली.

घर पडलं नाही, ते वळलं. पाठीमागून कुणी हाक मारली की माणूस वळतो ना, तसं. मागची जड बाजू जागच्या जागी राहिली आणि उघडी पुढची बाजू फिरली. पुढचे खांब छताच्या जोडाशी कटकन मोडले आणि वरचा मजला खाली बसला. मी तोंड उघडलं होतं, ते मिटायच्या आत सगळं झालं होतं. चाचांनी माग थांबवायचं हँडल ओढलं. वरचा मजला तसाच्या तसा होता, भिंती, खिडक्या, बाबांनी रचलेल्या कांड्यासुद्धा. खालचं दालन मात्र कुठं नव्हतंच. मला भीती वाटायला हवी होती, पण मी थक्क होऊन नुसती बघत राहिले. एवढी ताकद, आणि ती सगळी त्या घराच्या पोटातच होती. बाहेरून आम्ही फक्त थोडं हलवलं होतं.

आत्या फळीशी गुडघ्यांवर बसली. तिनं वरचा मजला दोन्ही हातांनी हळूच उचलला आणि खाली काय राहिलंय ते पाहिलं. आम्हाला वाटलं ती आता म्हणेल, मी सांगत होते. ती बाबांकडे वळली.

“वर मी असते, दादा,” ती म्हणाली. “पण खाली तू असतोस.”

बाबांनी टोपली ओढून घेतली आणि एकेक कांडी त्यात ठेवायला लागले. चाचांना राहवलं नाही, ते म्हणाले, खिलौना आहे तो, खिलौन्यावरून कुणी दिल छोटा करतं का. बाबा एवढंच म्हणाले, माल मीच रचला ना. दुसऱ्या दिवशी ते कारखान्यात गेले नाहीत. आईनं डबा देऊन मला पाठवलं, तर नव्या घराच्या जागेवर, उभ्या सळ्यांच्या मधे, ज्या ठिकाणी माग मांडायचे होते तिथं ते उकिडवे बसले होते आणि वर बघत होते. वर आभाळाशिवाय काही नव्हतं. मीही त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी भाकरी खाल्ली, सुकटीची चटणी बोटानं पुसून खाल्ली, आणि मग म्हणाले, “आत्याला इचार काय करायचा. एक लूम कमी लावीन.”

तो एक लूम म्हणजे त्यांची दहा वर्षांची आस होती. लोक त्यांना हसले. पाया भरल्यावर कुणी नकाशा बदलतं का, बहिणीच्या वेडापायी भाऊही वेडा झाला, असं बाजारात बोललं गेलं. बाबा ऐकून घ्यायचे आणि तंबाखू मळायचे. आम्ही दुसरं छोटं घर करायला घेतलं. खालच्या दालनाच्या चारही कोपऱ्यांत, खांबांना लागून दोन्ही बाजूंना, पायापासून छतापर्यंत थोडी थोडी भिंत घेतली. मधलं दालन तरीही माग मांडण्याएवढं मोकळं राहिलं. आणि खांबातल्या उभ्या सळ्यांना ज्या आडव्या रिंगा गुंडाळतात, त्या आत्यानं जोडांजवळ अगदी दाट घ्यायला लावल्या. दाट रिंगांनी आतला सिमेंटचा माल बाहेर सांडत नाही, ती म्हणायची. इवल्याशा सारख्या मापाच्या रिंगा करायच्या कशा, तर मी रिकाम्या कांडीवर तार गुंडाळायची आणि कात्रीनं उभी कापायची. बोटांची सालं निघाली. मधेच मॅट्रिकचा निकाल आला, मी बऱ्या मार्कांनी पास झाले, आणि घरात कुणाचं लक्ष नव्हतं. आईनं तेवढा शिरा केला.

ते खरं घर अजून उभं आहे. खाली आता माग नाहीत, दुकानं आहेत. अलीकडे भिवंडीजवळच्या काल्हेरवरून जाते तेव्हा गोदामांच्या मधून वर आलेल्या नव्या इमारती दिसतात, खाली गाड्या लावायला नुसते खांब आणि वर मजल्यांवर मजले. ड्रायव्हरला मी गाडी हळू घ्यायला सांगते आणि खांबांच्या वरच्या टोकांकडे बघत जाते. नातू म्हणतो, आजी, तू बिल्डिंगचे सांधे का तपासतेस? तपासून मला काही कळत नाही, रिंगा आत असतात. पण नजर जाते.

ते दुसरं छोटं घर पुरतं पक्कं झालं तेव्हा शुक्रवारची वाट बघायला वेळ नव्हता. आभाळ दाटत होतं, खांब भरायला माणसं खोळंबली होती. भर कामाच्या दिवशी, चाचांचे सगळे माग धडाडत असताना आम्ही घर फळीवर चढवलं. बाबांनी कांड्या उचलल्या आणि पुन्हा मागच्याच भिंतीशी रचल्या, पहिल्यासारख्याच. मी हातानं विचारलं, असं का? त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, “सवय जायची न्हाय, बाय. मानूस असाच ठेवनार.” मला त्या क्षणी माझ्या बाबांचा जो अभिमान वाटला, तो त्यांना सांगायचा राहून गेला.

हात्याशी जोड खाली असताना घराला काही झालं नाही. चाचांनी माग थांबवून जोड मधे घेतला. घर जोरात हललं, भिंतींवर केसासारख्या चिरा आल्या, पण ते वळलं नाही. बाबांनी हात वर केला, पुरे झालं. ते आत्याच्या कानाशी वाकले आणि तिला विचारलं, आता तरी येशील ना? आत्यानं मान हलवली, नाही.

“जोड पार वर घ्या,” ती ओरडून म्हणाली.

“पडंल ते.”

“पडू दे. कसं पडतं ते मला बघायचंय. दारापर्यंत जाऊ देतं का, तेवढंच बघायचंय, दादा.”

चाचांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान डोलावली. जोड वर गेला, त्याच टोकाला, जिथून आमच्या विटा भिंतीवर उडाल्या होत्या. आत्या फळीसमोर जमिनीवर बसली, तिचं तोंड त्या छोट्या घराच्या दाराच्या उंचीला आलं. माग सुरू झाला.

घरानं पहिल्याच झटक्याला आरडाओरडा केल्यासारखी माती उडवली. खांबांच्या टोकांचा माल निखळून पडला, आतली तार उघडी झाली. मी डोळे मिटणार होते, पण ते घर पडेना. तारा वाकल्या, रिंगांनी त्यांना धरून ठेवलं, आणि घर एका बाजूला झुकत, पुन्हा सावरत, पुन्हा झुकत राहिलं. कोपऱ्यातल्या भिंती फुटत होत्या आणि फुटता फुटता वरचा मजला तोलून धरत होत्या. मोडणं इतकं सावकाश, इतकं समजूतदार असू शकतं, हे मी कधी कल्पलं नव्हतं. मी आत्याकडे पाहिलं, आणि तिचे ओठ हलत होते.

मागांच्या आवाजात कान कामाचे नसतात. आमच्याकडे माणसं एकमेकांचे ओठ वाचतात, मलाही वाचता येत होते. ती म्हणत होती, उठा गं, उठा. चपला राहू दे. शकू, धाकटीचा हात धर. मंदा, मागं वळू नकोस, दप्तर राहू दे. इकडून, दाराकडून, माझ्याकडे बघा. एकेकीचं नाव घेत होती. ती नावं आमच्या घरात त्याआधी कुणी ऐकली नव्हती. तिची नजर त्या इवल्याशा दारावर होती, आणि प्रत्येक नावानंतर ती थांबायची, तेवढा वेळ कुणीतरी दारातून बाहेर येत असल्यासारखी.

घर आता पार कललं होतं. चाचांचा हात हँडलवर गेला. त्यांनी बाबांकडे पाहिलं, आणि बाबांनी जोरात मान हलवली, थांबवू नका. ओठ वाचण्यात बाबांचा हात धरणारं आळीत कुणी नव्हतं. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते. आई माझा दंड घट्ट धरून उभी होती. माग चालत राहिला, घर झुकत राहिलं, आणि आत्या नावं घेत राहिली.

मग तिनं एक शेवटचं नाव घेतलं, थोडी थांबली, आणि हात वर केला. चाचांनी हँडल ओढलं. घर वाकलेलं, फुटलेलं, तारांवर तोललेलं होतं, पण त्याचं दार अजून उघडं होतं.

बाबा तिच्यापाशी जाऊन बसले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि शेजारचे माग धडाडत असतानाही ती हळूच बोलली.

“आल्या सगळ्या बाहेर, दादा.”

“हां,” बाबांनी तिचा हात धरला. “आता तू पन ये.”